पाळणा धर्मापुरी, कंसात दोन

इथं होसूरच्या गोदामात माझं काम सोपं आहे. पट्ट्यावरून खोकी येतात, प्रत्येकावर लेबल असतं. एकाच नंबराचं लेबल दुसऱ्यांदा आलं की मशीन ओरडतं आणि ते खोकं बाजूला ढकलायचं. बाकीच्या पोरी ढकलतात. मी आधी खोकं हलवून बघते, कानाला लावते. सुपरवायझर तमिळमध्ये काहीतरी बोलतो. शब्द कळत नाहीत, पण काय म्हणतोय ते कळतं. दोन वर्षं झाली, ही खोड काही जात नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटते, तरी हात आपोआप कानाकडं जातो.

ही खोड भानुदास आप्पांची.

आप्पांचं दुकान परळीजवळच्या आमच्या धर्मापुरीत, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला. पाटीवर 'म्युझिक सेंटर' एवढंच उरलं होतं, पुढचं नाव उन्हानं खाल्लं होतं. आधी कॅसेटी भरून द्यायचे, मग सीडी आल्या, मग मेमरी कार्ड. आता ज्याच्या त्याच्या फोनवर गाणी आहेत, तरी आप्पांकडं दोन गिऱ्हाइकं ठरलेली. ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले पेनड्राइव्ह भरायला यायचे, आणि बटनांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या कार्ड भरायला.

पासष्टीचा माणूस, किडकिडीत, चष्म्याच्या दांडीला सुतळी बांधलेली. तरुणपणी परळीच्या वीज केंद्रात कंत्राटावर होते. तिथल्या आवाजानं डावा कान कामातून गेला. त्यामुळं कुणी बोलायला लागलं की आप्पा तोंड फिरवायचे आणि उजवा कान पुढं करायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्यावर रुसलाय. एकदा एक ट्रॅक्टरवाला भडकला.

"ओ आप्पा, मी हिकडं बोलायलोय, माझ्याकडं बगा तरी!"

"तुला बगून काय करू बे? तू काय सिनिमा हायस का? बोल, ऐकायलोय."

मी तिथं कामाला लागले ती हात कापल्यावर. ऊसतोडीत कोयता अंगठ्याच्या बुडाशी बसला, शीर तुटली, मूठ वळेना. मूठ वळत नाही त्या बाईला टोळीत कोण घेणार? नवरा होसूरला काम शोधायला गेला होता. मी आईकडं बसून होते आणि घरातली भाकर घशाखाली उतरत नव्हती. आईच मला आप्पांकडं घेऊन गेली.

"शाळा कितवी?" आप्पांनी कान पुढं करून विचारलं.

"सातवी. अर्धी."

"अर्धी सातवी कशी असती गं?"

"दसऱ्यापस्तोर."

आप्पा हसले नाहीत. मान हलवली. आमच्या गावात अर्धी इयत्ता म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. दसरा झाला की आईबापाबरोबर ट्रकात बसायचं, परत येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेली. त्यांनी माझ्या कानात दोन गाणी वाजवली, एकामागं एक. "काय फरक हाय?"

गाणं एकच होतं. मी म्हणाले, "काहीच न्हाई."

"शेवटपस्तोर ऐकलंस का?"

नव्हतं ऐकलं. पुन्हा ऐकलं, तर एकाच्या शेवटी पेटी थांबल्यावर कुणीतरी म्हणत होतं, "चहा आला बगा." आप्पा म्हणाले, "आता आली सातवी पुरी. उद्या ये."

दुकानाचा सगळा जीव संगणकाच्या एका हार्ड डिस्कमध्ये होता. कॅसेटींच्या काळापासूनची गाणी आप्पांनी तिच्यात उतरवली होती, आणि वीस वर्षांत तिचा उकिरडा झाला होता. ज्याचं कार्ड आलं त्याची गाणी उतरून घ्यायची, मग तीच दुसऱ्याच्या कार्डातून पुन्हा यायची. संगणक तर असा की एक नाव आधी असलं तर पुढच्याला कंसात दोन लावतो, मग तीन, मग चार. एका ट्रॅक्टरवाल्यानं येऊन हात जोडले होते. "आप्पा, एकच गाणं सलग पाच बार वाजतंय. टोळीतल्या बाया माज्या आईबापाचा उद्धार करायल्यात."

तेव्हापासून आप्पा दुबार गाणी काढत बसायचे. त्यांची रीत अशी, की दोन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकायची आणि मगच एक काढायचं. दिवसाला वीस व्हायची, फार तर पंचवीस. डिस्कमध्ये काही हजार होती.

आणि त्यात एक कप्पा पाळण्यांचा होता.

दसरा झाला की टोळ्या निघायच्या आधी बायका आप्पांकडं यायच्या. ज्यांचं लेकरू गावात म्हातारीपाशी राहणार, त्या पाळणा गाऊन जायच्या. दुकानाच्या मागं, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेली एक खोली होती. आप्पा कार्डात उतरवून द्यायचे, म्हातारी बटनांच्या फोनवर लावायची. चाल सगळ्यांची एकच, शब्दही तेच, फक्त ज्या त्या लेकराचं नाव त्यात घालायचं:

नीज गं माझ्या बाई, दाराला घाल कडी
आई येईल तुझी, सरंल जवा थंडी

आप्पांचा नियम होता, प्रत्येकीला तीन मिनिटं. मशीनला वेळ लावून ठेवलेली, तीन मिनिटं झाली की आपोआप बंद. एका मुकादमाची सून आली होती, मुकादम दारात उभा राहून म्हणाला, "आप्पा, आमच्या सुनंचं जरा लांबू द्या की."

"कावून? तुमच्या नातवाला झोप जास्ती लागती का? तीन मिन्टात लेकरू झोपतंय. न्हाई झोपलं तर ते उपाशी हाय म्हनायचं."

आणि कुणाचं गाणं दोन मिनिटांतच संपलं तर बाई उठायला बघायची. आप्पा हातानं खाली बस म्हणायचे. "उरल्यालं बी तुजंच हाय. ऱ्हाऊ दे." मग मशीन उरलेलं मिनिट भरून घ्यायचं. बांगड्या, खोकला, बाहेरचा हॉर्न, कधी नुसता श्वास.

लेकराचं नाव फायलीला द्यायचं नाही, हे बायकांचं म्हणणं. नाव लिहिलं की नजर लागते. आप्पा मानायचे. म्हणून सगळ्यांचं नाव एकच, 'पाळणा धर्मापुरी', आणि पुढं संगणकानं लावलेला कंसातला आकडा. माझ्यासमोर शेवटचा आकडा एकसष्ट होता.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला डिस्क वाजायला लागली. टक, टक, टक. आप्पांना ऐकू येईना, कारण डिस्क त्यांच्या डाव्या हाताला होती. मी सांगितलं तर त्यांनी ती उचलून उजव्या कानाला लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हिचं काय खरं न्हाई, मंगल."

त्यानंतरचे दिवस मला अजून स्वप्नात दिसतात. डिस्क वीस मिनिटं चालायची, मग तापायची, मग टकटक जोरात व्हायची आणि पडदा गोठायचा. आप्पांनी एक स्टीलचं ताट पालथं घालून तिला त्यावर ठेवलं, समोर टेबलपंखा लावला. वीस मिनिटं काम, तासभर विसावा. नवी डिस्क परळीहून आणली होती, पण ती लहान होती, सगळं तिच्यात मावत नव्हतं. म्हणजे आधी दुबार काढायचं, मग उतरवायचं. दसरा महिन्यावर आला होता. टोळ्यांच्या आधी नाही झालं तर पेनड्राइव्ह कशानं भरायचे? आणि दुकान बसलं तर माझं काय? हे मी कुणाला बोलले नव्हते, पण प्रत्येक टक मी मोजत होते.

आणि आप्पा त्या वीस मिनिटांत पाच गाणी शेवटपर्यंत ऐकायचे.

"आप्पा, असं केलं तर दोन वर्सं लागतील."

"मग?"

"डिस्क दोन दिवस बी टिकती का न्हाई."

"घाई करून कंचं काडशील? एकावाणी दिसतंय म्हनून काडायचं, अन् आतून निराळं निघालं तर?"

मग एके दिवशी आप्पा मेहुणीच्या दहाव्याला गेले. परळीच्या संगणकवाल्यानं मला एक सॉफ्टवेअर देऊन ठेवलं होतं. ते कंसातले आकडे सोडून नाव बघतं आणि फाइल केवढी आहे ते बघतं. दोन्ही जुळलं की दुबार. मी ते लावलं. पडद्यावर लाल खुणांची रांग लागली, खाली, खाली, संपेचना. वर एक बटन होतं, सगळं निवडा. डिस्क टकटक करायला लागली होती. अठरा मिनिटं झाली होती. मला वाटलं, आप्पा आल्यावर म्हणतील, पोरीनं दुकान वाचवलं.

मी बटन दाबलं.

संध्याकाळपर्यंत, थांबत थांबत, उरलेलं सगळं नव्या डिस्कमध्ये उतरलं. सगळं मावलं, वर जागाही उरली. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क चालूच झाली नाही. आप्पा खुश झाले. मी गाणी चटचट ऐकून काढली असं त्यांना वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. "लई जागा झाली गं," असं ते तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला शंका आली. एवढी जागा कशी झाली? पण मी बघायला गेले नाही. भ्याले.

दसरा झाला. सुनंदा आली.

सुनंदा आमच्याच गावची, पाच वर्षांच्या मुलीची आई. पावसाळ्यात तिच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर आवाज गेला होता. नुसती हवा यायची. सासू बरोबर होती, ती बोलली. "आप्पा, पाच दिसांनी टोळीचा ट्रक हाय. हिला जावं लागतंय, मोळ्या बांधायला तर हात लागत्यात. औंदा काय हिला गाता येत न्हाई. मागल्या सालचा पाळना पुन्ना भरून द्या, कार्ड पान्यात पडलंय. पोरगी त्याच्याबिगर झोपत न्हाई."

आप्पांनी पाळण्यांचा कप्पा उघडला.

एकच फाइल.

आप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. मग ती वाजवली. कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज आला: नीज रं माझ्या सोहम. सुनंदा हसली. तिला वाटलं चुकून दुसरं लागलं. तिनं बोटानं खूण केली, पुढचं. पुढचं.

पुढचं नव्हतं. मी काउंटरची कड धरली. सगळ्यांना तीन मिनिटं सारखी, म्हणून सगळ्या फायली सारख्याच आकाराच्या. सगळ्यांचं नाव एक. सॉफ्टवेअरनं पहिली ठेवून साठ काढल्या होत्या. सुनंदा माझ्याकडं बघत होती आणि तिचं बोट अजून फिरत होतं.

आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग सासूला म्हणाले, "डिस्क मेली बगा, मावशी. तिनं खाल्लं. पर गावात कुटं ना कुटं असंल. मला चार दीस द्या."

त्या गेल्यावर मला वाटलं आता आप्पा ओरडतील. त्यांनी चहाची बशी धुतली. पुसून ठेवली. मग उजवा कान माझ्याकडं करून विचारलं, "शेवटपस्तोर ऐकलंतंस का?"

"न्हाई. एक बी न्हाई ऐकलं. सगळी एकदम काडली."

"बरं. वही घे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आप्पा डोळे मिटून सांगत गेले, मी लिहीत गेले. नावं नाहीच, आवाज. ती घोगरी, खालच्या आळीची. ती मधीच हसणारी. ती जिच्या बांगड्या वाजत्यात, लमाणतांड्याच्या पलीकडची. डिस्कमधलं गेलं होतं, पण प्रत्येकीचा पाळणा तिच्या घरच्या कार्डात होता. म्हाताऱ्यांच्या फोनात, धान्याच्या कणगीवर, उशाखाली. ज्या जास्तीच्या नकला काढून टाकत आप्पांनी एवढे दिवस घालवले, तशाच नकलांच्या मागं आम्ही आता घरोघर फिरणार होतो.

मोपेडवर मागं मी, माझ्या मांडीवर आप्पांच्या पुतण्याचा लॅपटॉप. त्याची बॅटरी पाऊण तास टिकायची. पहिल्या दिवशी अठरा घरं झाली. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीनं दार अडवलं. फोन पदरात घट्ट धरला.

"न्हाई द्यायची. रिकामं होऊन परत आलं तर? माजी नात काय ऐकंल?"

तिनं ते मलाच ऐकवलं असं वाटलं. आप्पा तिच्या उंबऱ्यावर बसले. "आजे, फोन तुज्याच हातात धर. वायर लावतो. जरा काय वंगाळ दिसलं की उपटून टाक." म्हातारीनं वायरीवर बोट ठेवलं ते शेवटपर्यंत काढलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पन्नासेक झाले होते. सुनंदाचा कुणाकडं असणार? तिचं कार्ड तर पाण्यात गेलेलं. तरी आप्पा एकेका घरी बसून लागलेला प्रत्येक पाळणा पुरा ऐकत होते, पूर्ण तीन मिनिटं. मी घड्याळाकडं बघून रडकुंडीला आले होते. सकाळी सातला ट्रक निघणार होता.

केशर म्हणून सुनंदाच्याच टोळीतली एक बाई. तिची आई माळावरच्या वस्तीवर राहायची. तिच्या फोनातून केशरचा पाळणा उतरला. नाव कळलं, आवाज कळला. मी लॅपटॉप मिटायला घेतला.

"झालं आप्पा, चला. अजून दोन घरं ऱ्हायल्यात."

"थांब."

"केशरचंच हाय, ऐकलं की."

"तीन मिनिटं व्हायची हायेत."

केशरचं गाणं दोन मिनिटांच्या आतच तुटलं. ती रडायला लागली होती. मग बांगड्या. नाक ओढल्याचा आवाज. मग आप्पांचाच आवाज, लांबून: "ऱ्हाऊ दे, चालू हाय." मग काहीच नाही. केशरच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी उठून उभी राहिले.

आणि गोधड्यांच्या पलीकडून दुसरी एक बाई गायला लागली. केशरला धीर द्यायला तिनं गाणं उचललं असावं. पण केशरच्या मुलाचं नाव घ्यायचं सोडून सवयीनं तोंडात आलं तेच घेतलं.

नीज गं माझ्या श्रावणी.

श्रावणी म्हणजे सुनंदाची मुलगी.

आप्पा हलले नाहीत. चाळीस सेकंद होते ते. शेवटी 'सरंल जवा' एवढं आलं आणि मशीननं तीन मिनिटं झाली म्हणून तोडलं. 'थंडी' राहिलंच.

दुकानात येऊन आप्पांनी तेवढा तुकडा कापला. मग मी त्यांना कधी बघितलं नव्हतं ते करताना बघितलं. तोच तुकडा त्यांनी पुन्हा लावला, त्यापुढं पुन्हा, आणि पुन्हा. साडेचार वेळा, म्हणजे बरोबर तीन मिनिटं. दुबार गाण्यांचा वैरी माणूस स्वतःच्या हातानं दुबार करत होता. फाइलला नाव दिलं 'पाळणा धर्मापुरी', आणि कंसात दोन स्वतः टाइप केला, एका बोटानं.

सकाळी ट्रकापाशी धूळ आणि आरडाओरडा होता. चुली, पेट्या, बांधलेली बाचकी वर चढत होती. सुनंदा वर चढून बसली होती. आप्पांनी सासूच्या फोनात कार्ड घातलं आणि फोन श्रावणीच्या कानाला लावला. ट्रकाच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येईना, नुसता त्या मुलीचा चेहरा दिसत होता. ती गंभीर होती. मग एकदम म्हणाली, "थंडी."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "थंडी."

वरून सुनंदानं ओठ हलवले. तिनं काय म्हटलं ते सगळ्यांना कळलं.

जुन्या एकसष्टांतले आठ पाळणे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. त्या आठ बायकांना आप्पांनी स्वतः जाऊन सांगितलं, डिस्क मेली म्हणून. एकीनं त्यांना तोंडावर बोल लावला. मी मागंच उभी होते. आप्पा तिच्याकडं कान करून सगळं ऐकत राहिले, तिचं संपेपर्यंत.

पुढच्या संक्रांतीनंतर नवऱ्यानं मला इकडं बोलावलं. परळीच्या स्टेशनावर आई आली होती आणि तिच्या मागं मोपेडची चावी हातात धरून आप्पा. माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. "वाटंत ऐक." काय आहे ते सांगितलं नाही.

बेंगळुरूकडची गाडी हलली तेव्हा मी खिडकीच्या गजांना तोंड लावून काहीतरी बोलायला गेले. त्या सगळ्या दिवसांचं सगळं एकदम तोंडात आलं आणि एक शब्द फुटेना. नुसतं तोंड उघडं. आप्पांनी ते बघितलं. त्यांना वाटलं मी बोलतेय. त्यांनी झटकन तोंड फिरवलं आणि उजवा कान गाडीकडं केला.

म्हणून शेवटचा त्यांचा चेहरा मला दिसलाच नाही. सुतळी बांधलेली चष्म्याची दांडी, पिकलेले केस आणि तो कान. माझा डबा फलाटाबाहेर पडला, मागचे डबे त्यांच्यापुढून जात राहिले, आणि ते तसेच उभे होते, मान किंचित कलती करून, माझं संपायची वाट बघत.